धंदा बुडाला तर कायदा काय सांगतो?
नादारीचा अर्ज, हिशेबाच्या वह्या आणि वकिलाची निवड

नाटे, साखरी नाटे, जैतापूर या पट्ट्यात कापडाचे दुकान चालवणाऱ्याला उधारी सांगावी लागत नाही, ती त्याच्या पाचवीलाच पुजलेली असते. भिवंडी, इचलकरंजी, सुरतेहून माल येतो तो साठ-नव्वद दिवसांच्या मुदतीवर आणि बहुधा पुढल्या तारखेचे चेक देऊन. गिऱ्हाईक पैसे देते ते मासळीचा हंगाम बरा गेला तर, किंवा आखातातून पैसे आले तर. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात आणि गल्ल्यातली आवक थांबते, पण चेकच्या तारखा थांबत नाहीत. सुतार, होडी बांधणारे, शिंपी, जाळ्यांचे व्यापारी यांचीही गत हीच. दोन हंगाम पाठोपाठ वाईट गेले की चांगला माणूस अडचणीत येतो.

अशा वेळी आपल्याकडे काय होते? शटर ओढून माणूस रातोरात मुंबईला निघून जातो. किंवा एक देणे भागवण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे काढतो. किंवा दुकान घाईघाईने बायकोच्या नावावर करतो. कायद्याने अशा माणसासाठी एक दरवाजा ठेवला आहे आणि तो रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या दरवाजाची माहिती व्यापारी आणि कारागीर बांधवांना व्हावी म्हणून हा मजकूर.

मराठीत आपण दिवाळे म्हणतो. धंदा बुडाल्याची खूण म्हणून व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. उर्दूत मुफलिस. फुलूस म्हणजे तांब्याची क्षुल्लक नाणी. सोन्या-चांदीचा व्यवहार करणारा तांब्यावर आला की तो मुफलिस. दोन्ही शब्दांत हालत सांगितलेली आहे, गुन्हा नाही. कायद्याची भाषा आहे 'नादार', आणि तिथेही अर्थ तोच: देणे आहे, नियत आहे, पण ऐपत नाही.

तुरुंगाची भीती

पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच, जेल होईल का? नुसते देणे फेडता येत नाही म्हणून जेल होत नाही. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. ऐपत असून मुद्दाम न देणारा, मालमत्ता लपवणारा किंवा परागंदा होणारा असेल तरच दिवाणी न्यायालय त्याला दिवाणी तुरुंगात पाठवू शकते, आणि तेही जास्तीत जास्त तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. शिवाय हुकूमनाम्याच्या वसुलीत कोणाला पकडून न्यायालयापुढे आणले, तर 'तू नादारीचा अर्ज करू शकतोस' हे त्याला सांगणे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५५ प्रमाणे न्यायालयावर बंधनकारक आहे. एका महिन्यात अर्ज करीन असा जामीन दिला तर त्याची सुटकाही होऊ शकते.

चेकची गोष्ट मात्र निराळी. न वटलेल्या चेकचा कलम १३८ खालचा खटला फौजदारी आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नादारीच्या अर्जाने तो खटला थांबत नाही. म्हणून चेकची नोटीस आली की तिला पंधरा दिवसांची मुदत असते हे ध्यानात ठेवून त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे. आपल्या धंद्यात कोरे सही केलेले चेक दलालाच्या खिशात टाकण्याची जी रीत पडली आहे, तिच्याइतकी घातक रीत दुसरी नसेल.

कायदा कोणता?

२०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला, त्याचा वर्तमानपत्रांत फार गाजावाजा झाला. पण तो मोठ्या प्रमाणावर चालतो तो कंपन्यांसाठी. व्यक्ती आणि भागीदारी पेढ्या यांच्यासाठी त्यात जो तिसरा भाग आहे, तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाला. साधा दुकानदार, शिंपी, होडीमालक यांना तो हा मजकूर लिहीपर्यंत लागू झालेला नाही. अगदी गरीब कर्जदाराची पस्तीस हजारांपर्यंतची देणी माफ करणारी एक सोय त्यात लिहिलेली आहे, तीही कागदावरच आहे. तेव्हा शहरातला कोणी एजंट 'नव्या कायद्याने सगळे कर्ज साफ करून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आपल्याला लागू असलेला कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे. मुंबई शहरात १९०९ चा, आणि रत्नागिरीसह बाकी सर्व जिल्ह्यांत १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. म्हणजे ज्याचे राहणे आणि दुकान नाटे येथे, त्याचा अर्ज रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत येतो. ज्याचा धंदा आणि बिऱ्हाड मुंबईत, त्याला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागते. घर गावात आणि दुकान मुंबईत असे ज्यांचे आहे, त्यांनी कुठे जायचे हे आधी वकिलाकडून ठरवून घ्यावे, नाहीतर अर्ज परत येण्यातच सहा महिने जातात.

अर्ज कोण करू शकतो? देणे फेडण्यास असमर्थ असलेला आणि ज्याचे देणे किमान पाचशे रुपये आहे असा कोणीही. पाचशे हा आकडा १९२० चा आहे, आज त्यात एक बरे पॅन्टपीस येते. देणे तेवढे नसले तरी हुकूमनाम्यात अटक झाली असेल किंवा मालमत्तेवर जप्ती असेल, तरीही अर्ज करता येतो. धनकोही आपल्याविरुद्ध अर्ज करू शकतो, मात्र त्याला कर्जदाराचे नादारीचे कृत्य दाखवावे लागते, म्हणजे दुकान बंद करून गायब होणे, देणी थांबवल्याची नोटीस देणे, धनकोंना चुकवण्यासाठी माल दुसरीकडे हलवणे असे काही, आणि तेही अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतले. शटर ओढून मुंबईला जाणाऱ्याने हे वाचावे. पळून जाण्याने तो सुटत नाही, उलट धनकोच्या हातात अर्जाचे कारण देतो.

अर्ज मंजूर होऊन नादार ठरल्यावर तीन गोष्टी होतात. आपली मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय वेगवेगळे दावे करून मालमत्ता ओढता येत नाही, सगळ्यांनी एका रांगेत यायचे. आणि आपण मागितले तर अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मिळू शकतो. रोज दारात येणारी माणसे थांबतात, हा त्यातला मोठा दिलासा.

काय जाते, काय राहते

कारागिराची हत्यारे राहतात. शिंप्याची मशीन, सुताराची अवजारे, घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे यांवर जप्ती येत नाही, म्हणून ती रिसीव्हरकडेही जात नाहीत. शेतकऱ्याची अवजारे आणि बैलजोडी, आणि शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेले घर, हेही त्यात आहे. दुकानदाराच्या घराला मात्र हे संरक्षण नाही, आणि हिशेबाच्या वह्या तर द्याव्याच लागतात.

दुकानातला माल जातो. लोकांकडे असलेली आपली उधारीही जाते, म्हणजे ती रिसीव्हर वसूल करतो. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नादार ठरल्यापासून डिस्चार्ज मिळेपर्यंत जे नवीन हाती येईल तेही त्याच्याकडे जाते. या काळात वालिदांचे निधन झाले आणि वारसाहक्काने कलमांच्या बागेत हिस्सा आला, तर तो हिस्साही रांगेतल्या धनकोंचा.

बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे गहाण असलेली वस्तू या रांगेत येत नाही. गहाणदाराचा हक्क नादारीने थांबत नाही. सरकारी येणे आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी यांना वाटपात पहिला मान आहे, आणि सरकारचे देणे डिस्चार्ज मिळाल्यावरही सुटत नाही. जीएसटी थकवून नादारीत लपता येईल असे कोणी समजू नये. लबाडीने केलेले कर्ज आणि बायकामुलांची कोर्टाने ठरवलेली पोटगी, हीही सुटत नाहीत.

मेहेर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे, हे आपल्याला मदरशातच शिकवलेले असते. कायदाही तेच मानतो, पण ते बिनतारणी कर्ज. म्हणून न दिलेल्या मेहेरसाठी बीवी इतर धनकोंच्या बरोबरीने रांगेत उभी राहू शकते, त्यांच्या पुढे नाही. 'मेहेरच्या बदल्यात दुकान तिच्या नावावर केले' असे अडचण सुरू झाल्यावर सांगणाऱ्याकडे न्यायालय संशयाने पाहते. हिबाचेही तसेच. आपल्या कायद्यात तोंडी हिबा चालतो, ताबा दिला की पुरे, म्हणून पुष्कळांना वाटते की सोपे आहे. पण बक्षीस दिल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि माणूस नादार ठरला, तर असे हस्तांतर रद्द होऊ शकते. एखाद्या जवळच्या धनकोला, समजा मेहुण्याला, इतरांना डावलून तीन महिन्यांच्या आत पैसे दिले तर तेही परत येऊ शकतात. मालमत्ता लपवली, वह्या फाडल्या किंवा खोट्या लिहिल्या, तर एक वर्षापर्यंत कैद आहे. जो कायदा ऐपत नसलेल्याला जेलपासून वाचवतो, तोच लपवणाऱ्याला आत पाठवतो.

वह्या

या सगळ्याचा कणा म्हणजे हिशेब. डिस्चार्ज मागताना न्यायालय पाहते की नादारीच्या आधीच्या तीन वर्षांत धंद्याला साजेशा वह्या ठेवल्या होत्या की नाही. नसतील तर बिनशर्त सुटका मिळत नाही. धंदा बुडाला हे कळूनही माल उचलत राहिला, फेडीची वाजवी आशा नसताना कर्ज केले, जुगारात किंवा निष्काळजीपणात पैसा घालवला, तरी तेच. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर ते आपल्या दोषाशिवाय घडले हे पटवून द्यावे लागते. सलग दोन वाईट हंगाम, वादळात गेलेली होडी, बुडालेला मोठा गिऱ्हाईक, हे सगळे तिथे कागदानिशी सांगता आले पाहिजे.

रोजमेळ, खातेवही, उधारीची वही, बिले, बँकेची पासबुके. आपल्यातले पुष्कळ जुने दुकानदार उधारी उर्दूत किंवा मोडक्या मराठीत लिहितात, त्याने काही बिघडत नाही, वही खरी असली म्हणजे झाले. बिघडते ते सगळा व्यवहार डोक्यात ठेवल्याने. चाळीस वर्षे तोंडी हिशेब चोख ठेवणारे दुकानदार मी पाहिले आहेत, पण न्यायाधीशासमोर डोके ठेवता येत नाही.

वह्या उघडल्यावर आणखी एक तपासावे. साध्या उधारीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपण्याआधी आपण लेखी कबुली दिली की ती पुन्हा नव्याने सुरू होते. म्हणून अडचणीच्या काळात कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावा. कायद्याने मेलेले देणे शरीयतने मरत नाही, डिस्चार्ज मिळालेलेही नाही. पुढे हातात आल्यावर ते फेडणे हा ज्याचा त्याचा अल्लाहशी हिशेब आहे. इथे मी कोर्टाचे सांगतो आहे.

सावकाराचे देणे असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहावे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि अशा सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो.

जामीनदार, भागीदार आणि दुबईचे कर्ज

आपल्या समाजात एकमेकांसाठी सही करण्याचे फार आहे. चुलतभावाला पतसंस्थेचे कर्ज हवे, आपण जामीन. कर्जदार नादार ठरून सुटला तरी जामीनदार सुटत नाही, भागीदारही सुटत नाही. म्हणजे एका भावाच्या डिस्चार्जने दुसऱ्याच्या दारात वसुली येते. पतसंस्थांना तर दावा लावण्याचीही गरज नसते, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली त्या निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेतात. त्याविरुद्ध दाद मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून कलम १०१ ची पहिली नोटीस आली की तिथेच हजर राहून म्हणणे मांडावे, दाखला निघाल्यावर जागे होऊन उपयोग नाही.

नाटे, राजापूर, रत्नागिरीतली कितीतरी मुले आखातात आहेत. तिथल्या बँकेचे कर्ज टाकून गावी आले की विषय संपला, असा एक समज होता. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिरातीच्या न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे भारतात थेट वसुलीला आणता येतात. दुबईच्या न्यायालयाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात दाखल होऊ शकतो, नव्याने दावा लावावा लागत नाही. तिथे २०२० पासून व्यक्तींसाठी नादारीचा कायदाही आहे. मुलगा तिथे असतानाच त्याचा विचार केलेला बरा.

आधी तडजोड

सूरह बकरामध्ये तंगीत असलेल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत मुदत देण्याची ताकीद आहे, आणि जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्याचाही समावेश आहे. जमातीच्या चार बुजुर्गांनी बसून भिवंडीच्या व्यापाऱ्याशी हप्ते ठरवून दिले, असे आपल्याकडे होते आणि ते चांगलेच. पण त्यात एक कच्चेपणा आहे. दहा धनकोंपैकी नऊ कबूल झाले आणि दहावा बैठकीलाच आला नाही, तर त्याला ती तडजोड बांधत नाही. तो दावा लावतो, जप्ती आणतो, आणि नऊ जणांचे हप्ते बुडतात.

नादारीच्या कायद्यात याला उत्तर आहे. अर्ज दाखल करून नादार ठरल्यावर कर्जदार न्यायालयापुढे तडजोडीची योजना ठेवू शकतो, समजा रुपयाला बारा आणे, तीन वर्षांत. शाबीत झालेल्या धनकोंची संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश अशी संमती मिळाली आणि न्यायालयाला ती योजना वाजवी वाटली, तर ती मंजूर होते आणि न आलेल्या दहाव्यालाही बांधते. दुकान वाचण्याची खरी संधी इथे आहे. जमातीने ठरवलेलेच न्यायालयातून पक्के करून घेता येते, हे आपल्या बुजुर्गांनी ध्यानात घ्यावे. एक-दोनच धनको असतील आणि ते समजूतदार असतील, तर लोकअदालत बरी. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते.

वकील कसा शोधावा

अमेरिकेत दिवाळखोरीचे खास वकील असतात, तसे आपल्याकडे नाहीत. रत्नागिरीत नादारीचे अर्ज क्वचितच येतात, त्यामुळे पाटीवर हे काम लिहिलेला वकील शोधू नये. वकिलांना जाहिरात करण्याची मनाईच आहे, म्हणून जो जाहिरात करतो त्याच्याकडे जाऊ नये हे उत्तम. शोधायचा तो दिवाणी बाजूचा, हुकूमनाम्याची वसुली आणि जप्ती यांत हात बसलेला वकील. राजापूरच्या कोर्टात ज्यांच्याकडे आपला जमिनीचा दावा असतो, त्यांनाच विचारावे की जिल्हा न्यायालयात हे काम कोण करतो. ओळखीचा, जातीचा, मेहुण्याचा मित्र हे निकष बाजूला ठेवावेत. मात्र आपल्या धनकोचेच काम पाहणारा वकील चालणार नाही, हे आधी विचारून घ्यावे.

पहिल्या भेटीत त्याला काही गोष्टी सरळ विचाराव्यात. १९२० च्या कायद्याखाली अर्ज केला आहे का? माझ्या चेकच्या खटल्याचे काय होईल? पतसंस्थेची कलम १०१ ची वसुली या अर्जाने थांबवून घेता येईल का? मला अर्जाची गरज आहे की तडजोडीने भागेल? जो न ऐकताच 'सगळे कर्ज माफ करून देतो' म्हणतो, तो टाळावा. जो आधी वह्या मागतो, तो बरा. निकालावर अवलंबून किंवा वाचलेल्या रकमेच्या टक्क्यावर फी ठरवणे वकिलांच्या नियमात बसत नाही, तशी बोली करू नये. फी, कोर्टखर्च, टंकलेखन वेगवेगळे विचारून पावती घ्यावी. कोरे वकीलपत्र आणि कोरे कागद सही करून देऊ नयेत.

ऐपतच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण रत्नागिरीच्या न्यायालयात आहे आणि तालुक्याची समिती तालुक्याच्या कोर्टात असते. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्यांना, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. नवऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही असलेल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे.

नादार ठरवतानाच न्यायालय एक मुदत लिहून देते, तिच्या आत डिस्चार्जचा अर्ज करायचा असतो. अनेकजण इथेच चुकतात. धनको गप्प झाले, म्हणजे काम झाले असे वाटते, वकीलही दुसऱ्या कामात असतो, आणि तारीख निघून जाते. मग नादारीचा हुकूम रद्द होतो, धनको पुन्हा मोकळे होतात, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय दुसरा अर्जही करता येत नाही. ती तारीख हुकूम मिळाल्याच्या दिवशीच दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि महिनाभर आधी वकिलाकडे जावे.